लुफा फार्म्सची भाजीची टोपली: माँट्रियलच्या गच्च्यांवर पिकणारे अन्न

कॅनडातल्या माँट्रियल शहरात नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत उघड्या जमिनीवर काही पिकत नाही. जानेवारीत पारा सरासरी उणे दहा अंशांच्या आसपास असतो, जमीन गोठलेली असते आणि दुकानात दिसणारी लेट्यूसची कोवळी पाने कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यातून किंवा अ‍ॅरिझोनातल्या युमाजवळून, शीतगृहाच्या ट्रकमधून चार-पाच हजार किलोमीटरचा प्रवास करून आलेली असतात. याच शहरात लुफा फार्म्स ही कंपनी इमारतींच्या गच्च्यांवर हरितगृहे बांधून, मातीविना, पोषकद्रव्ये मिसळलेल्या पाण्यावर वर्षभर भाजी पिकवते आणि ती आठवड्याच्या टोपलीतून शहरातल्याच घरांना पोचवते. आमच्या घरी ही टोपली बऱ्याच काळापासून येते. भाजी चांगली आहे की नाही एवढाच प्रश्न असता, तर तो चार ओळींत सुटला असता. पण माणसे राहतात तिथेच आणि निसर्गाला जपून अन्न पिकवायचे, असा या कंपनीचा पहिल्या दिवसापासूनचा दावा आहे, म्हणून तिची पारख पर्यावरण आणि समाज या दोन्ही अंगांनी करायला हवी. माझे मत आधीच सांगते. पर्यावरणाचा दावा बऱ्याच अंशी खरा आहे, आणि तो खरा ठरण्यात क्वीबेक प्रांताच्या परिस्थितीचा वाटा कंपनीच्या कौशल्याइतकाच मोठा आहे. समाजाचा दावा मात्र अर्धाच पुरा झाला आहे.

कंपनीची स्थापना २००९ सालची. लेबनॉनमधून लहानपणी कॅनडात आलेले मोहम्मद हेज हे तिचे प्रमुख संस्थापक आणि लॉरेन रॅथमेल या सहसंस्थापक. २०११ साली अहंत्सिक-कार्तियेव्हिल भागातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सुमारे ३१,००० चौरस फुटांचे पहिले हरितगृह सुरू झाले. व्यापारी पद्धतीने चालणारे गच्चीवरचे जगातले पहिले हरितगृह म्हणून त्याची नोंद होते. पुढे २०१३ मध्ये लाव्हाल येथे ४३,००० चौरस फुटांचे, २०१७ मध्ये आंजू येथे ६३,००० चौरस फुटांचे आणि २०२० मध्ये सँ-लोराँ येथे १,६०,००० चौरस फुटांचे अशी आणखी तीन उभी राहिली. सँ-लोराँचे हरितगृह सिअर्स या दुकानसाखळीच्या जुन्या गोदामावर आहे आणि ते सुरू झाले तेव्हा गच्चीवरच्या हरितगृहांत जगात सर्वांत मोठे होते. या चारही गच्च्यांची बेरीज जवळपास सात एकर होते. ही सात एकर जमीन कोणा शेतकऱ्याकडून घेतलेली नाही, तिच्यासाठी कुठले जंगल तोडलेले नाही, आणि एरवी तिच्यावर ऊन आणि बर्फ पडण्यापलीकडे काही घडत नव्हते. क्वीबेकने शेतजमीन वाचवण्यासाठी १९७८ साली कायदा केला, तरी शहरालगतच्या सुपीक जमिनीवर घरबांधणीचा दाब सतत असतोच. अशा ठिकाणी रिकाम्या छपराला शेताचा दर्जा मिळणे ही लहान गोष्ट नाही.

आता सेवेविषयी. सभासदाने संकेतस्थळावर जाऊन आपली टोपली भरायची असते. पोच ज्या दिवशी, त्याच्या आदल्या मध्यरात्री मागणी घेणे बंद होते आणि त्यानंतर मागणीच्या हिशेबाने हरितगृहातली भाजी तोडली जाते. या व्यवस्थेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे, कारण इथे माल आधी विकला जातो आणि मग तोडला जातो. आपल्याकडे शेतकरी पहाटे भाजी तोडून, टेम्पो ठरवून बाजार समितीत नेतो आणि भाव काय फुटला हे त्याला तिथे गेल्यावर कळते. भाव पडला तर माल परत नेणेही परवडत नाही आणि तो रस्त्याकडेला टाकून दिल्याची छायाचित्रे आपण दरवर्षी वर्तमानपत्रांत पाहतो. लुफाच्या पद्धतीत ही शक्यता फारच कमी उरते. अन्नाची नासाडी टळली म्हणजे ते पिकवायला लागलेले पाणी, वीज आणि श्रमही वाचले. हा फायदा जाहिरातीत दिसायला फारसा आकर्षक नसला, तरी हिशेबात मोठा असतो.

तोडलेली भाजी आणि बाकीचा माल टोपलीत भरून शहरभर पसरलेल्या केंद्रांवर जातो. कुठे ते केंद्र एखाद्या कॅफेत असते, कुठे व्यायामशाळेत, तर कुठे औषधांच्या दुकानात. थोडे जास्त पैसे दिले तर घरपोचही मिळते आणि त्यासाठी कंपनी विजेवर चालणाऱ्या गाड्या वापरते. केंद्राची कल्पना मला घरपोचपेक्षा सरस वाटते. एकाच गाडीने एका जागी अनेक टोपल्या उतरवल्या की इंधन वाचते, कॅफेवाल्याला गिऱ्हाईक मिळते आणि शेजारच्या गल्लीतली माणसे एकमेकांना तोंडओळखीने का होईना, पण भेटतात. ज्या शहरात हिवाळ्याचे पाच महिने लोक मान खाली घालून, कोटाच्या टोपीत तोंड लपवून चालतात, तिथे आठवड्यातून एकदा टोपलीच्या निमित्ताने होणाऱ्या दोन मिनिटांच्या गप्पांनाही किंमत असते. तुमच्या टोपलीतली ही भाजी कशी करतात, हा प्रश्न मला त्या केंद्रावर विचारला गेला आहे आणि भरल्या वांग्याची कृती मी तिथेच उभ्याउभ्या, मोडक्या फ्रेंचमध्ये सांगितली आहे.

वांग्याचा विषय निघालाच आहे, तर भाजीच्या गुणवत्तेविषयीही सांगायला हवे. सँ-लोराँच्या हरितगृहात मुख्यतः टोमॅटो आणि वांगी होतात. टोपलीतून आलेल्या वांग्याचा देठ हिरवागार आणि ताठ असतो, देठावरचा काटा बोटाला टोचतो आणि सालीला इतका ताण असतो की नखाने दाबले तरी खड्डा पडत नाही. चिरल्यावर आत पांढरा, घट्ट गर निघतो आणि बिया कोवळ्या असतात, तर सुपरमार्केटातले वांगे बहुधा आतून स्पंजासारखे झालेले आणि बियांच्या कडेने तपकिरी पडलेले असते. भरीत करण्यासाठी ते भट्टीच्या वरच्या आचेवर भाजले की साल अखंड सुटते आणि गराला पाणी फारसे सुटत नाही. काकडीची साल पातळ असते, ती सोलावी लागत नाही, कडू निघण्याची धास्ती नसते आणि कोशिंबिरीला तिच्यासारखी दुसरी नाही. टोमॅटो वेलीवर पिकू देऊनच तोडलेले असतात. लांबच्या प्रवासात टिकावेत म्हणून जाड सालीचे वाण निवडण्याची सक्ती नसल्यामुळे चवीचे वाण लावता येतात, आणि एप्रिल-मेच्या टोमॅटोचे सार करून पाहिले की त्याचा अर्थ कळतो. डिसेंबर-जानेवारीचा टोमॅटो मात्र तितका गोड नसतो. त्या दिवसांत सूर्य दुपारी चारच्या सुमारास मावळतो आणि दिव्यांचा प्रकाश ती उणीव काही अंशीच भरून काढतो. मेथी, अंबाडी, गवार, कारली ही आपल्या स्वयंपाकाची नेहमीची मंडळी या टोपलीत भेटत नाहीत. त्यांच्यासाठी पार्क-एक्स्टेन्शन भागातली दक्षिण आशियाई दुकाने गाठावी लागतात.

पर्यावरणाच्या अंगाने पाहताना पाण्यापासून सुरुवात करण्याची रीत आहे, कारण हायड्रोपोनिक्सची, म्हणजे मातीविना खतपाण्यावर होणाऱ्या शेतीची, जाहिरात पाण्याच्या बचतीनेच होते. ती बचत खरी आहे. अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली युमा भागासाठी केलेल्या तुलनेत एक किलो लेट्यूससाठी उघड्या शेतात सुमारे २५० लिटर आणि हायड्रोपोनिक पद्धतीत सुमारे २० लिटर पाणी लागते असा हिशेब निघाला. तेवढ्याच जागेतून उत्पन्न सुमारे ११ पट मिळाले. युमा वाळवंटात आहे आणि तिथे कोलोरॅडो नदीच्या थेंबाथेंबावरून राज्याराज्यांत भांडणे होतात, म्हणून या आकड्यांना तिथे फार वजन आहे. माँट्रियल मात्र सेंट लॉरेन्ससारख्या महानदीच्या मधोमध वसलेले बेट आहे. इथे पाण्याची टंचाई नाही आणि म्हणून पाणी वाचवल्याचे श्रेय लुफाला देताना हात थोडा आखडता घ्यावा, असे मला वाटते. तिच्या टोपलीमुळे युमातून येणारी एखादी पेटी कमी झाली, तर त्या दूरच्या नदीचे पाणी वाचले असे म्हणता येईल. बचतीचा खरा मुद्दा तेवढाच आहे.

पाण्याच्या बाबतीत इथे खरे महत्त्व आहे ते पाणी बाहेर न सोडण्याला. मुळांशी दिलेले खतपाणी गोळा करून, गाळून, निर्जंतुक करून पुन्हा वापरले जाते आणि त्याच्या जोडीला पावसाचे पाणीही साठवले जाते. उघड्या शेतातली जादा खते पावसाबरोबर ओढ्यांत आणि तिथून तळ्यांत जातात. क्वीबेक आणि अमेरिकेच्या सीमेवर शँप्लेन सरोवराचा मिसिस्क्वॉय नावाचा उथळ उपसागर आहे. शेतांतून वाहून येणाऱ्या फॉस्फरसमुळे तिथे उन्हाळ्यात निळ्या-हिरव्या शैवालाचा थर साचतो, पाण्यात उतरू नका असे फलक लागतात आणि काठावरच्या गावांचे पिण्याचे पाणी धोक्यात येते. बंद चक्रात फिरणाऱ्या खतपाण्यामुळे निदान हे संकट वाढत नाही. अर्थात ती खते स्वतः कारखान्यातूनच येतात. फॉस्फेट खाणीतून काढलेले असते आणि नत्र नैसर्गिक वायू वापरून बनवलेले असते, त्यामुळे मातीविना शेती म्हणजे रसायनांविना शेती, असा जो समज आपल्याकडेही पसरवला जातो तो निखालस चुकीचा आहे. कॅनडाच्या सेंद्रिय मानकांत हायड्रोपोनिक पिकाला सेंद्रिय म्हणता येत नाही, आणि माझ्या मते तो नियम योग्य आहे, कारण सेंद्रिय शेतीचा पाया मातीच्या आरोग्यात आहे. इथे माती नाही. पीक स्वच्छ आहे, हे सांगणे पुरेसे आहे.

कीडनियंत्रणाच्या बाबतीत मात्र कौतुक करताना मला काहीच हातचे राखावेसे वाटत नाही. मावा, पांढरी माशी, फुलकिडे यांचा बंदोबस्त करण्यासाठी कृत्रिम कीटकनाशकांऐवजी त्यांचे नैसर्गिक शत्रू सोडले जातात. ढालकिडे माव्यावर तुटून पडतात, बारीक परजीवी गांधीलमाश्या किडींच्या अंगात अंडी घालतात आणि टोमॅटोच्या फुलांचे परागीभवन गुबगुबीत भुंगमाश्या करतात. लेट्यूस धुताना पाण्यावर एखादा ठिपक्यांचा ढालकिडा तरंगताना दिसला, तर तो या व्यवस्थेतला कामकरीच असतो. आपल्याकडे द्राक्षबागायतदार आणि पॉलिहाऊसवाले फवारणीच्या वेळापत्रकात कसे अडकलेले असतात, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना या पद्धतीचे मोल वेगळे सांगायला नको. फवारणी करणाऱ्या मजुराच्या फुप्फुसांचा विचार केला तरी हा फायदा सामाजिकच म्हणावा लागेल.

सगळ्यांत अवघड प्रश्न उष्णतेचा आणि विजेचा आहे. वर सांगितलेल्या अभ्यासातच हायड्रोपोनिक लेट्यूसला शेतातल्या लेट्यूसच्या सुमारे ८२ पट ऊर्जा लागते असे दिसले होते, आणि तो हिशेब उष्ण अ‍ॅरिझोनाचा होता. उणे वीस अंशांच्या रात्री काचेखाली टोमॅटो जगवायचा, तर ऊब कुठून तरी आणावीच लागते. गच्चीचा खरा उपयोग इथे दिसतो. खालच्या इमारतीतून वर जाणारी ऊब एरवी आकाशात विरते, ती इथे हरितगृहाला मिळते. उलट हरितगृह इमारतीच्या डोक्यावर गोधडीसारखे बसते आणि तिचा तापवण्याचा खर्च कमी करते. रात्री छताखाली ऊब धरून ठेवणारे पडदे ओढले जातात. एवढे सगळे केल्यावर जमिनीवरच्या हरितगृहाच्या मानाने निम्मीच ऊर्जा लागते, असे कंपनी सांगते, आणि रचना पाहता ते पटण्यासारखे आहे. पण उरलेल्या निम्म्या गरजेसाठी नैसर्गिक वायू जाळावा लागतो, हेही तितकेच खरे. कडाक्याच्या थंडीतल्या टोमॅटोचा कार्बनचा हिशेब म्हणूनच मेक्सिकोतून आलेल्या टोमॅटोच्या तुलनेत आपोआप सरस ठरत नाही. वाहतूक वाचली म्हणजे सगळे जिंकले, असे या विषयात नसते.

दिव्यांच्या विजेचे तसे नाही. क्वीबेकमध्ये तयार होणारी ९९ टक्क्यांहून अधिक वीज पुनर्निर्मितीक्षम स्रोतांतून येते आणि तिचा फार मोठा भाग जलविद्युत असतो. त्यामुळे इथे हरितगृहातला दिवा लावल्याने धूर निघत नाही. या विजेलाही इतिहास आहे आणि मराठी वाचकाला तो चटकन कळेल. उत्तरेत ला ग्रांद नदीवर महाकाय धरणे बांधण्याचे ठरले, तेव्हा तिथल्या क्री आणि इनुइट या आदिवासी लोकांना विचारलेही नव्हते. त्यांनी न्यायालयात लढा दिला आणि १९७५ साली जेम्स बे करार झाला. तरीही शिकारीच्या, मासेमारीच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या जागा पाण्याखाली गेल्या आणि जलाशयातल्या माशांत पारा वाढल्यामुळे क्री कुटुंबांना आपल्या रोजच्या अन्नाबद्दलच सावध व्हावे लागले. कोयनेच्या धरणग्रस्तांचे पुनर्वसन अनेक दशके कसे रेंगाळले, हे आपण पाहिले आहे. स्वच्छ विजेवर पिकलेल्या लेट्यूसचे कौतुक करताना, ती वीज कोणाच्या जमिनीवरून आली हेही बोलले पाहिजे. लुफाने धरण बांधले नाही, दोष तिचा नाही. पण पर्यावरणाचा हिशेब मांडताना ही बाजू वगळली, तर तो हिशेब शहरातल्या माणसाच्या सोयीचा होतो.

मुंबई-पुण्यात गेल्या काही वर्षांत बंद खोलीत, दिव्यांखाली पालेभाज्या पिकवणारे हायड्रोपोनिक व्यवसाय निघाले आहेत आणि त्यांच्या जाहिरातींत परदेशी उदाहरणांचा दाखला असतो. त्यांच्याबद्दल इथे थोडे सांगणे भाग आहे. महाराष्ट्राची वीज अजूनही मुख्यतः कोळशावर चालते. चंद्रपूर किंवा कोराडीच्या चिमण्यांतून निघणाऱ्या धुरावर पिकलेले लेट्यूस पर्यावरणपूरक म्हणून विकणे मला पटत नाही. वर्षातले आठ महिने फुकट मिळणारे ऊन सोडून दिवे लावायचे कशाला? जाळीखालचे, उघड्या गच्चीवरचे, कमी विजेचे हायड्रोपोनिक्स मात्र आपल्याकडे खरोखर उपयोगी पडू शकते. मुंबईत रेल्वे रुळांच्या कडेला सांडपाण्यावर पालक आणि माठ पिकत आले आहेत, आणि मराठवाड्यात पिण्याला टँकर लागतो. वाचलेल्या पाण्याचा आकडा माँट्रियलपेक्षा तिथे कितीतरी मोलाचा आहे. लुफाकडून घ्यायचेच असेल, तर आधी मागणी आणि मग तोडणी ही पद्धत घ्यावी, मित्रकिडी घ्याव्यात, फिरते खतपाणी घ्यावे. तिचे बॉयलर आणि दिवे क्वीबेकमध्येच शोभतात.

आता समाजाकडे वळते. टोपलीतला बराच माल लुफाने पिकवलेला नसतोच. अंडी, चीज, पाव, सफरचंदे, कंदमुळे, डाळी, मध असे कितीतरी पदार्थ क्वीबेकमधल्या शेकडो लहान उत्पादकांकडून येतात. मोठ्या दुकानसाखळीच्या फळीवर जागा मिळवायची तर माल भरपूर, नियमित आणि एकसारखा द्यावा लागतो, आणि एखाद्या गावातल्या पाववाल्याला किंवा बकरीच्या दुधाचे चीज करणाऱ्या कुटुंबाला ते जमत नाही. टोपलीने त्यांना शहरातले हजारो ग्राहक एकदम मिळवून दिले. २०२० च्या वसंतात, महामारीने दुकानांपुढे रांगा लागल्या तेव्हा लुफाची मागणी दुप्पट झाली, आणि उपाहारगृहे बंद पडल्यामुळे ज्यांचा माल पडून राहिला असता अशा उत्पादकांनाही ही वाट खुली राहिली. माझ्या दृष्टीने या कंपनीचे समाजाला सर्वांत मोठे देणे काचेखालच्या शेतापेक्षा या साखळीत आहे.

रोजगाराचेही तसेच. २०२० साली कंपनीत सुमारे ५०० माणसे काम करत होती. क्वीबेकच्या उघड्या शेतांतली कष्टाची कामे ग्वाटेमाला आणि मेक्सिकोतून हंगामापुरते येणारे मजूर करतात. त्यांचा परवाना बहुधा एकाच मालकाशी बांधलेला असतो आणि महिनोन्‌महिने ते घरापासून दूर राहतात. शहरातल्या हरितगृहात काम करणारा माणूस मेट्रोने किंवा बसने कामाला येतो, संध्याकाळी आपल्या मुलांत परततो आणि हिवाळ्यातही त्याचे काम थांबत नाही. शेतीतल्या श्रमाला शहरात अशी जागा मिळणे मला आशादायक वाटते. मात्र काम हलके आहे, असे कोणी समजू नये. उन्हाळ्यात काचेखालचा उकाडा आणि दमटपणा सोसत, फिरत्या शिडीवर उभे राहून वेलींची वाकवण-छाटणी करणे अंग पिळून काढते.

पण हे अन्न कोणाच्या ताटात जाते? इथे माझे समाधान होत नाही. टोपलीतली भाजी सेंद्रिय दुकानापेक्षा स्वस्त असली, तरी साध्या सुपरमार्केटच्या सवलतीच्या भाजीपेक्षा महाग पडते. मागणी संकेतस्थळावरून करायची, पैसे कार्डाने द्यायचे, टोपलीला किमान रकमेची अट आणि भाषा फ्रेंच किंवा इंग्रजी. माझ्यासारख्या नोकरदार घराला यातले काहीच जड जात नाही. पार्क-एक्स्टेन्शनमध्ये दोन खोल्यांत राहणाऱ्या, तीन ठिकाणी घरकाम करणाऱ्या आणि पगार रोख मिळणाऱ्या बाईला मात्र यातली प्रत्येक पायरी उंच वाटेल. त्या वस्तीच्या आणि शेजारच्या श्रीमंत माँट-रॉयल नगराच्या मध्ये लाकादी रस्त्याच्या कडेने अनेक दशके कुंपण उभे होते. माँट्रियलमध्ये अन्नाची वाटणी कशी होते, हे समजून घ्यायचे असेल तर त्या कुंपणाच्या दोन्ही बाजूंची दुकाने पाहावीत. आणखी एक गोष्ट मला नेहमी खुपते. सर्वांत मोठे हरितगृह ज्या सँ-लोराँ भागात आहे, त्याच भागात मुआसाँ माँट्रियल ही १९८४ साली सुरू झालेली प्रचंड अन्नपेढी आहे आणि तिथून शहरभरच्या संस्थांना धान्य-भाजी वाटली जाते. एकाच भागात गच्चीवर ताजी वांगी पिकतात आणि खाली अन्नासाठी संस्थांच्या गाड्या येतात. ग्राहकांना गरजू कुटुंबांच्या टोपलीसाठी देणगी देण्याची सोय कंपनीने केली, ही चांगली गोष्ट आहे. परंतु दान हा ग्राहकाच्या मर्जीचा भाग झाला. पिकाचा ठरावीक हिस्सा शेजाऱ्यांसाठी राखून ठेवणे हा व्यवसायाच्या रचनेचा भाग व्हायला हवा, असे मी आग्रहाने म्हणेन.

याच शहरात वेगळ्या वाटेने जाणारेही आहेत. महापालिकेचा सामुदायिक बागांचा कार्यक्रम १९७५ पासून चालतो. तिथे नाममात्र शुल्कात नागरिकाला मातीचा तुकडा मिळतो आणि इटालियन आजोबा, हैतीची बाई आणि पंजाबी कुटुंब शेजारी शेजारी पिकवतात. सांत्रोपोल रुलाँ ही संस्था १९९५ पासून वृद्ध आणि आजारी लोकांना घरपोच जेवण देते आणि त्यासाठीची काही भाजी स्वतः पिकवते. सँ-लोराँमधल्या एका आयजीए सुपरमार्केटने २०१७ पासून आपल्या गच्चीवर मातीतच सेंद्रिय भाजी लावली आणि ती खालच्याच दुकानात विकायला ठेवली. हे सगळे प्रयत्न उन्हाळी आहेत. जानेवारीत त्यांच्यावर बर्फ असतो आणि लुफाच्या काचेखाली टोमॅटो लालबुंद होत असतो, हा फरक मान्य करावाच लागेल. पण समुदाय हा शब्द वापरताना मालकी आणि निर्णय कोणाच्या हातात आहेत, हेही पाहावे लागते. बागेच्या सभासदाला तिथे मत असते. टोपलीच्या सभासदाला निवड असते आणि तक्रार करण्याची सोय असते, मत नसते.

किरकोळ बाबींत वेष्टनांचा उल्लेख करते. कोवळी पाने आणि लहान टोमॅटो पिशवीत किंवा डब्यात येतात आणि त्यात प्लास्टिकही असते. नाजूक पानांना ते टाळणे अवघड असले, तरी काकडी, वांगी, भोपळी मिरची सुटी द्यायला काहीच हरकत नाही. दुसरी बाब वर्गणीची. टोपली थांबवली नाही तर ती आपोआप येते, म्हणून गावाला जाण्याआधी आठवणीने बंद करावी. संकेतस्थळावर ते दोन मिनिटांचे काम आहे.

नव्याने माँट्रियलला आलेल्या मराठी कुटुंबांना माझा सल्ला असा आहे. नोव्हेंबर ते मे टोपली जरूर घ्यावी. वांगी, काकडी, टोमॅटो आणि लेट्यूस हरितगृहातलेच निवडावे, सोबत क्वीबेकची अंडी, डाळी आणि पाव घ्यावेत आणि घरपोचऐवजी जवळचे केंद्र ठरवावे. ऑगस्ट-सप्टेंबरात मात्र टोपली थांबवून १९३३ पासून चालू असलेल्या जाँ-तालों बाजारात जावे. त्या दिवसांत उघड्या शेतातला टोमॅटो चवीत आणि किमतीत दोन्हींत सरस असतो, शेतकरी समोर उभा असतो आणि घासाघीसही चालते. संध्याकाळी बाजार उठायच्या वेळी गेले, तर पेटीभर टोमॅटो अर्ध्या भावात मिळतात.